आनंद विरुद्ध अरोनियन, विक आन झी २०१३: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१५ जानेवारी २०१३ रोजी विश्वनाथन आनंद यांनी काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला तेवीस खेळ्यांचा हा डाव मी आजवर असंख्य वेळा पटावर मांडला आहे आणि दर वेळी सोळाव्या खेळीपाशी माझा हात थांबतो. बुद्धिबळ शिकणाऱ्यांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि हा खेळ दुरून पाहणाऱ्या जाणकार वाचकांकडून या डावाविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शक्य असेल तर वाचताना समोर पट आणि सोंगट्या ठेवाव्यात.

हा डाव कोणत्या स्पर्धेत आणि कोणत्या परिस्थितीत खेळला गेला?

नेदरलँड्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील विक आन झी या लहानशा गावात दर जानेवारीत भरणाऱ्या स्पर्धेच्या चौथ्या फेरीत हा डाव झाला. शेजारच्या पोलाद कारखान्याच्या आश्रयाने ही स्पर्धा १९३८ पासून चालत आली असून आता ती टाटा स्टीलच्या नावाने ओळखली जाते. कास्पारोव्ह यांनी टोपालोव्ह यांच्याविरुद्ध १९९९ मध्ये खेळलेला प्रसिद्ध आक्रमक डावही याच स्पर्धेतला आहे.

आनंद त्या वेळी ४३ वर्षांचे होते आणि विश्वविजेते होते. आदल्या वर्षी मे महिन्यात मॉस्को येथे बोरिस गेलफांड यांच्याविरुद्ध त्यांनी विजेतेपद राखले होते. परंतु ती लढत बारा डावांनंतर ६-६ अशी बरोबरीत राहिली होती आणि निकाल जलद डावांवर लागला होता. त्यामुळे आनंद यांच्या खेळातली धार कमी झाली आहे, अशी चर्चा तेव्हा उघडपणे चालू होती. समोर बसलेले आर्मेनियाचे लेव्हॉन अरोनियन जगातल्या पहिल्या तीन-चार खेळाडूंपैकी एक होते आणि पांढरी मोहरी त्यांच्याकडे होती.

डावाच्या सर्व खेळ्या मिळतील का?

पुढे व म्हणजे वजीर, ह म्हणजे हत्ती, उं म्हणजे उंट, घो म्हणजे घोडा आणि रा म्हणजे राजा. प्याद्याच्या खेळीला कोणतेही अक्षर लावलेले नाही. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे आहेत. गुणिलेचे चिन्ह म्हणजे मोहरे मारणे आणि अधिकचे चिन्ह म्हणजे शह. कंसातले अक्षर दोन घोड्यांपैकी कोणत्या पट्टीवरचा घोडा हलला ते सांगते, आणि किल्लेकोट म्हणजे राजा व हत्ती यांची एकत्र केलेली खेळी.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. किल्लेकोट, किल्लेकोट १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४+ १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३ आणि पांढऱ्याने डाव सोडला.

सुरुवातीच्या या मांडणीला काय म्हणतात?

ही सेमी-स्लाव्ह बचावाची मेरान शाखा आहे. इटलीतील मेरानो येथे १९२४ मध्ये झालेल्या स्पर्धेत ग्रुनफेल्ड यांच्याविरुद्ध अकिबा रुबिनस्टाइन यांनी काळ्या मोहऱ्यांनी ही मांडणी योजली आणि त्या गावाचे नाव तिला चिकटले. रुबिनस्टाइन हे नाव लक्षात ठेवावे, कारण या डावाच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

मांडणीमागचा विचार असा आहे की काळा सी४ वरचे प्यादे घेतो, बी५ पुढे ढकलून पांढऱ्याच्या उंटाला मागे हटवतो आणि आपल्या पांढऱ्या घरांवरच्या उंटाला बी७ वर बसवतो. तो उंट सुरुवातीला आपल्याच सी६ वरच्या प्याद्यामागे अडकलेला असतो. ज्या दिवशी ते प्यादे सी५ वर सरकेल, त्या दिवशी बी७ पासून थेट एच१ पर्यंतची तिरकी रेषा मोकळी होईल. या डावातला शेवटचा घाव त्याच रेषेच्या आधाराने बसला आहे.

अरोनियन यांनी एच७ वरचे प्यादे घेतले, ती हावरटपणाची चूक होती का?

मला तसे वाटत नाही. पांढऱ्याचा डी३ वरचा उंट आणि सी२ वरचा वजीर एकाच तिरक्या रेषेत उभे राहून एच७ कडे पाहत होते. घोडा जी५ वर आल्यावर त्या प्याद्यावरचा दाब इतका वाढला की कोणताही सावध खेळाडू ते वाचवायला धावला असता. आनंद यांनी ते वाचवले नाही. त्यांनी बाराव्या खेळीला सी५ केले आणि पटाच्या मध्यावर भांडण उकरून काढले. अशा वेळी पांढऱ्याने प्यादे घेतले नसते, तर बाराव्या खेळीतली स्वतःचीच धमकी पोकळ होती असे त्याला मान्य करावे लागले असते. जगातल्या अव्वल खेळाडूने ते घेणे स्वाभाविक होते.

घोड्याने प्यादे घेतल्यावर तो घोडा एफ८ वरच्या हत्तीवर आणि एफ६ वरच्या घोड्यावर एकाच वेळी चाल करून जातो. काळ्याने घोड्यानेच तो घोडा मारला असता, तर पांढऱ्याचा उंट एच७ वर शह देत आला असता आणि काळ्याकडे एक प्यादे कमी व राजा उघडा, अशी स्थिती उरली असती. आनंद यांनी परत मारण्याचा विचार बाजूला ठेवून आपला घोडा जी४ वर, पांढऱ्या राजाच्या दारात नेऊन उभा केला आणि हत्ती मारात सोडून दिला. आता पांढऱ्याने लगेच हत्ती घेतला, तर काळ्याचा उंट एच२ वर शह देतो, राजा एच१ वर जातो, वजीर एच४ वर येतो आणि उंट बाजूला सरकून उघड्या शहाने मात करण्याची धमकी उभी राहते. म्हणून अरोनियन यांना चौदाव्या खेळीला एफ४ करावे लागले.

चौदाव्या खेळीला एफ४ केल्याने काय बिघडले?

डी६ वरून एच२ कडे जाणारी उंटाची वाट या खेळीने बंद झाली. त्या अर्थाने ती खेळी आवश्यकच होती. परंतु एफ प्यादे पुढे गेल्यामुळे राजाच्या शेजारचे एफ२ हे घर रिकामे झाले, आणि काळ्याने डी४ वर प्याद्यांची अदलाबदल केल्यावर ई३ वरचे प्यादेही तेथून हलले. म्हणजे ए७ पासून जी१ पर्यंत जाणारी दुसरी तिरकी रेषा जवळजवळ मोकळी झाली आणि तिच्यावर डी४ वरचे एकुलते एक प्यादे पहारा देत उरले. एक दार लावताना शेजारचे दार उघडले गेले, आणि ज्या उंटासाठी पहिले दार लावले होते तोच उंट पुढच्या खेळीत दुसऱ्या दारात येऊन उभा राहिला.

पंधराव्या खेळीतला उंट-सी५ हा असा आहे. डी४ वरचे प्यादे त्याला सरळ मारू शकते. ते मारले, तर काळ्याचा डी७ वरचा घोडा सी५ वर परत मारत येतो, डी३ वरच्या उंटावर चाल करतो आणि वजिरासाठी डी पट्टी मोकळी करतो. त्यानंतर वजीर डी४ वर शह देत उतरला की पांढऱ्याच्या राजाभोवतीची हवाच संपते. अरोनियन यांनी हे ओळखले, उंट न मारता आपला डी३ वरचा उंट ई२ वर घेतला आणि जी४ वरच्या घोड्यावर रोखला. ही खेळी समंजस आहे: संकटात असलेला उंट त्याने हलवला, शत्रूच्या सर्वांत धोकादायक मोहऱ्याला आव्हान दिले आणि हत्तीवरची आपली धमकी कायम ठेवली.

सोळाव्या खेळीतल्या घोड्याविषयी एवढे का बोलले जाते?

कारण ती खेळी होण्याआधीची स्थिती पाहून ती सुचणे अतिशय अवघड आहे, आणि झाल्यावर मात्र तिच्यावाचून दुसरे काही योग्य होते असे वाटतच नाही.

प्रथम मोजणी करून पाहावी. एफ८ वरचा हत्ती पांढऱ्या घोड्याच्या मारात आहे. जी४ वरचा घोडा ई२ वरच्या उंटाच्या मारात आहे. सी५ वरचा उंट डी४ वरच्या प्याद्याच्या मारात आहे. अशा वेळी मारात असलेल्यांपैकी एखादे मोहरे वाचवावे, किंवा निदान डी४ वर शह देऊन प्यादे तरी वसूल करावे, असेच बहुतेकांच्या मनात येईल. परंतु लगेच शह दिला तर राजा कोपऱ्यात जातो आणि जी४ वरचा घोडा व एफ८ वरचा हत्ती दोन्ही तसेच लटकत राहतात. आनंद यांनी यांपैकी काहीही न करता डी७ वरचा, तोवर सुरक्षित असलेला दुसरा घोडाही उचलला आणि ई५ वर, पांढऱ्याच्या दोन प्याद्यांच्या तोंडी ठेवला. या क्षणी काळ्याची चार मोहरी मारात आहेत, आणि पटावर एक प्यादेही त्यालाच कमी आहे.

आता एकेक पर्याय तपासावा. डी४ वरचे प्यादे ई५ वरचा घोडा मारू शकत नाही, कारण ते हलले की सी५ वरच्या उंटाचा शह थेट राजाला बसतो. खेळाडूंच्या बोलीत ते प्यादे पिन झालेले आहे. एफ४ वरच्या प्याद्याने घोडा मारता येतो, आणि येथेच या डावातले सर्वांत सुंदर चित्र दडलेले आहे, जे प्रत्यक्ष पटावर कधी आलेच नाही. प्याद्याने घोडा घेतला, तर काळ्याचा वजीर डी४ वरचे प्यादे मारून शह देतो. राजा एच१ वर जातो. मग वजीर जी१ वर, अगदी राजाला चिकटून जाऊन बसतो. राजा त्याला मारू शकत नाही, कारण मागून सी५ वरच्या उंटाचा आधार आहे. हत्तीला वजीर मारावाच लागतो. आणि हत्ती जी१ वर येताच राजाचे शेवटचे घर त्याच्याच हत्तीने अडवले जाते. जी२ आणि एच२ ही घरे त्याच्याच प्याद्यांनी आधीच भरलेली आहेत. मग जी४ वरचा घोडा एफ२ वर उडी मारतो आणि मात होते. दुसऱ्या ओळीवर पांढऱ्याचा वजीर सी२ वर आहे, पण ई२ वरचा आपलाच उंट मध्ये असल्यामुळे तो एफ२ पर्यंत पोचत नाही. ज्या उंटाने सोळाव्या खेळीत घोड्याला आव्हान दिले, तोच आपल्या वजिराची वाट अडवून बसला आहे. आपल्याच माणसांच्या गर्दीत राजा कोंडला जाण्याच्या या प्रकाराला स्मदर्ड मेट म्हणतात. मराठीत मी त्याला कोंडमात म्हणतो.

ई५ वरचा घोडा एकाच वेळी तीन कामे करतो. तो डी पट्टी मोकळी करून वजिराला डी४ ची वाट देतो. तो जी४ वरच्या घोड्याला आधार देतो, म्हणजे पांढऱ्याच्या उंटाने तो घोडा मारला तर परत मारता येते. आणि तो एफ४ वरच्या प्याद्याला अशा भेटीचे आमंत्रण देतो की जी स्वीकारणे शक्य नाही. शेवटच्या रांगेजवळ सुरक्षित बसलेला घोडा मैदानात आला, हे मला या खेळीचे खरे मर्म वाटते. बलिदान हा शब्द येथे पुष्कळदा वापरला जातो, पण काळ्याने येथे काही उधळलेले नाही. आक्रमणात सहभागी नसलेले शेवटचे मोहरे त्याने आक्रमणात आणले, आणि ते इतक्या आघाडीवर आणले की ते मारणे शत्रूला परवडू नये. आक्रमक डाव आवडणाऱ्या पुष्कळांना मोहरी फेकून देण्यातला थरार भावतो. मला मात्र या डावात सगळी मोहरी एका घरावर नजर रोखून उभी राहतात, ही शिस्त अधिक भावते.

सतराव्या खेळीला घोड्याने लगेच परत न मारता उंटाने शह का दिला?

आधी घोड्याने परत मारले असते, तर पांढऱ्याने सी५ वरचा उंट फुकटात घेतला असता. उंटाने डी४ वरचे प्यादे मारून शह दिल्यामुळे तो स्वतः सुटला, प्यादे वसूल झाले आणि राजाला एच१ वर जावे लागले. त्या कोपऱ्यात राजा आणि बी७ वरचा उंट एकाच तिरक्या रेषेवर आले व मध्ये जी२ चे प्यादे उरले. शेवटच्या तीन खेळ्यांसाठी ही नोंद महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या खेळीला राजाने एफ८ वरचा घोडा का मारला नाही?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. पांढऱ्याने हत्ती मारला आहे, त्याचा घोडा काळ्या राजाच्या शेजारी विनाआधार उभा आहे आणि तो मारणे अगदी सोपे आहे. परंतु तो मारला असता, तर सी२ वरच्या वजिराला एच७ पर्यंत मोकळी वाट मिळाली असती आणि हरत असलेल्या पांढऱ्याला श्वास घ्यायला, कदाचित उलट हल्ला करायला वेळ मिळाला असता.

आनंद यांनी एफ प्यादे दोन घरे पुढे टाकले. या एका साध्या खेळीने सी२ ते एच७ ही तिरकी रेषा बंद झाली, जी४ वरच्या घोड्याला भक्कम आधार मिळाला आणि एफ८ वरचा घोडा आहे तेथेच राहिला. वजीर एच४ वर येण्याची धमकी कायम आहे. घोडा कोठे पळणार आहे? तो जी६ वर गेला, कारण तेथून तो एच४ हे घर राखतो. तेव्हा वजीर एफ६ वर येऊन त्याच घोड्यावर रोखला गेला आणि पुढच्याच खेळीला तो घोडा मारला गेला. माझ्या मते सोळाव्या खेळीइतकीच ही खेळी मोठ्या खेळाडूची ओळख पटवते. समोर आयते मोहरे दिसत असताना हात आवरणे, आणि शत्रूला मिळू शकणारी एकमेव संधी आधी बंद करणे, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरते.

एकविसाव्या खेळीनंतर पांढऱ्याकडे हत्ती जास्त आहे. मग घोडा का मारता येत नाही?

मोजणीने पाहिले तर पांढऱ्याकडे खरोखरच एका उंटाच्या जागी हत्ती जास्त आहे आणि प्यादी सारखी आहेत. परंतु एच३ वरच्या प्याद्याने जी४ वरचा घोडा मारला की एच पट्टी उघडते, काळ्याचा वजीर एच६ वर येतो आणि तेथेच मात होते: जी१ वर डी४ च्या उंटाचा पहारा आहे, एच पट्टी वजिराच्या ताब्यात आहे आणि मध्ये येऊन अडवायला पांढऱ्याचे एकही मोहरे पोचत नाही. त्याचा ए१ वरचा हत्ती आणि सी१ वरचा उंट तर डाव सुरू होताना बसले होते तेथेच आहेत. मोजणीत धरलेली ही दोन मोहरी लढाईत नाहीत.

अखेरच्या स्थितीत पांढऱ्याने डाव का सोडला? अजून मात झालेली नव्हती.

बाविसाव्या खेळीला वजीर एच५ वर आल्यावर धमकी अशी होती की तो एच३ वरचे प्यादे मारेल आणि मात करेल. जी२ वरच्या प्याद्याने वजीर मारता आला असता, पण ते हलले की बी७ वरच्या उंटाचा शह राजाला बसतो; म्हणून ते प्यादे हलूच शकत नाही. अरोनियन यांनी वजीर डी३ वर आणून तिसऱ्या रांगेतून एच३ राखले. तेव्हा आनंद यांनी उंट ई३ वर ठेवला आणि त्या रांगेचा दोरच कापला.

सी१ वरच्या उंटाने तो उंट मारला, तर काळ्याचा वजीर एच३ वर शह देतो, राजा जी१ वर जातो आणि वजीर जी२ वर मात करतो. पांढऱ्याच्या वजिराने उंट मारला, तर घोडा वजिरालाच मारतो. न मारता काही केले, तर एच३ वर मात ठरलेलीच आहे, कारण ई३ वरून तोच उंट जी१ वरही नजर ठेवून आहे.

रुबिनस्टाइन यांच्या कोणत्या डावाशी याची तुलना केली जाते?

पोलंडमधील वूच शहरात, जे त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, १९०७ मध्ये रोटलेवी यांच्याविरुद्ध रुबिनस्टाइन यांनी खेळलेला पंचवीस खेळ्यांचा डाव अमर डाव म्हणून ओळखला जातो. तेथेही काळ्याचे दोन उंट दोन शेजारच्या तिरक्या रेषांवरून एच१ वरच्या राजाकडे पाहत होते आणि घोडा जी४ वर होता. बाविसाव्या खेळीला रुबिनस्टाइन यांनी वजीर मारात सोडून सी३ वरचा घोडा हत्तीने मारला, तेविसाव्या खेळीला दुसरा हत्ती डी२ वर घुसवला आणि पंचविसाव्या खेळीला हत्ती एच३ वर ठेवून डाव संपवला. पांढऱ्याचा जी२ वर आलेला वजीर उंटामुळे पिन झालेला होता आणि एच२ वरची मात थांबवायला कोणीही उरले नव्हते.

दोन्ही डावांच्या अखेरच्या स्थिती शेजारी ठेवल्या, तर साम्य थक्क करणारे आहे. दोघांत अधिक श्रेष्ठ कोणता, या वादात मला पडायचे नाही. परंतु एक फरक नोंदवण्यासारखा आहे. रुबिनस्टाइन यांनी वजीर प्रत्यक्ष दिला. आनंद यांच्या डावात वजीर देण्याची पाळी आलीच नाही, कारण जी१ वरचे ते वजीर-बलिदान अरोनियन यांनी आधीच ओळखले आणि टाळले.

आनंद यांनी हे सगळे आधीच घरी तयार केले होते, असे ऐकले. मग कौतुक कशाचे?

ही मांडणी गेलफांड यांच्याविरुद्धच्या लढतीच्या तयारीत अभ्यासलेली होती, असे आनंद यांनी स्वतः डावानंतर सांगितले. त्या काळी पीटर हाइने निल्सन, रादोस्लाव वोयताशेक, रुस्तम कासिमझानोव्ह आणि आपले सूर्यशेखर गांगुली हे त्यांचे सहायक होते. मॉस्कोच्या लढतीत ही स्थिती पटावर आली नाही आणि ती तयारी तशीच राहिली.

काहींना हे कळल्यावर डावाचे मोल कमी झाल्यासारखे वाटते. मी त्यांच्याशी सहमत नाही. एक म्हणजे, महिन्यांपूर्वी केलेल्या अभ्यासातली नेमकी कल्पना, समोर अरोनियन बसलेले असताना आणि घड्याळ चालू असताना, योग्य क्रमाने आठवणे आणि ती याच स्थितीला लागू पडते याची खात्री करणे हे काम वाटते तितके सोपे नाही. अर्धवट आठवलेल्या तयारीवर विसंबून मोठमोठे खेळाडू हरलेले आहेत. दुसरे म्हणजे, गवयाने एखादी बंदिश घरी शंभरदा घोटली म्हणून मैफलीतले तिचे सौंदर्य उणे होत नाही. रियाज मैफलीत ऐकू येतो, आणि तो ऐकू यावा हीच अपेक्षा असते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संगणकाच्या मदतीने अभ्यास करणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावर असंख्य खेळ्या येऊन जातात. त्यांतली कोणती मनात जपून ठेवावी, हे ज्याला त्याला आपल्या रुचीने ठरवावे लागते. वर्षभर सांभाळून ठेवावी अशी ही खेळी आहे हे ओळखणाऱ्या नजरेचेही मला तितकेच कौतुक आहे.

त्या स्पर्धेत पुढे काय झाले?

मॅग्नस कार्लसन यांनी १३ पैकी १० गुण मिळवून स्पर्धा जिंकली. अरोनियन ८.५ गुणांसह दुसरे आले आणि आनंद ८ गुणांवर राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेन्नई येथे कार्लसन यांनी आनंद यांच्याकडून विश्वविजेतेपद घेतले. या डावाचे स्थान त्यामुळे बदलत नाही.

लहान मुलांना हा डाव केव्हा आणि कसा दाखवावा?

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून हा प्रश्न विचारणारे पालक वाढले आहेत. मुलाला शह, मात आणि पिन या तीन गोष्टी नीट समजल्या असतील, तर डाव दाखवायला हरकत नाही. सुरुवातीच्या अकरा खेळ्या वेगाने पुढे न्याव्यात. मेरान शाखेचे बारकावे त्या वयात समजावून सांगण्यात अर्थ नाही. संगणकाचे मूल्यमापन बंद ठेवावे, कारण कोपऱ्यातला आकडा उडी मारताना दिसला की मूल पटाकडे पाहणे सोडते.

सोळाव्या खेळीला काळ्याची पाळी असताना पट असा मांडावा. पांढरे: राजा जी१, वजीर सी२, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१ आणि ई२, घोडे सी३ आणि एच७, प्यादी ए३, बी२, डी४, एफ४, जी२, एच२. काळे: राजा जी८, वजीर डी८, हत्ती सी८ आणि एफ८, उंट बी७ आणि सी५, घोडे डी७ आणि जी४, प्यादी ए७, बी५, ई६, एफ७, जी७. मग काळ्याने काय खेळावे असे विचारून मुलाला स्वतः हात लावू द्यावा आणि निदान दहा मिनिटे काहीही बोलू नये. बहुतेक मुले डी४ वर शह देतात. जी मुले घोडा ई५ वर ठेवतात, त्यांना लगेच शाबासकी न देता एफ४ वरच्या प्याद्याने तो मारून दाखवावा, आणि पुढची मात त्यांची त्यांना शोधू द्यावी.